रविवारचे हजेरीवाले

पोलीस ठाण्याच्या आवारात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, जप्तीच्या सायकली. आणि दुसरे, किस्से! सायकलींना गंज चढतो, मग कधीतरी त्यांचा लिलाव होतो आणि जागा मोकळी होते. किश्शांना गंज चढत नाही आणि बोलीही लागत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा वर्दी परत केली, शिट्टी परत केली, पण किस्से कोणी परत मागितलेच नाहीत. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही चोराईच्या गोष्टी सांगता तवा किती खूश दिसता, घरच्याईच्या सांगतानी नाई दिसत!" आता खरं असेल तर काय बोलणार?

समुद्रपूर तालुक्यातलं एक बाजाराचं गाव. नाव सांगत नाही, कारण या किश्शांतली निम्मी माणसं अजून बाजारात भेटतात आणि मला टमाटे निवडून देतात. नव्वदचं दशक उताराला लागलेलं. ठाण्यात बाईमाणूस मी एकटीच. आडनाव मेश्राम, पण सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. आमचे साहेब जगताप, साताऱ्याकडचे. हसणं नियमात बसत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. आणि हवालदार गुलाबराव, ज्यांना वर्दी घातली की झोप यायची आणि उतरवली की उडायची.

दर रविवारी सकाळी ठाण्यात हजेरी असे. ज्यांना कोर्टानं जामिनावर किंवा बाँडवर सोडलेलं, ते येऊन बाकावर बसत, नाव सांगत, सही किंवा अंगठा देत आणि मग बाजार करायला जात. रविवारच बाजाराचा, त्यामुळे गुन्हेगारांची सोय होती. काही जण तर पिशवी घेऊनच येत!

*

मंगेशची आणि आमची ओळख एसटीनं करून दिली. म्हणजे खरोखरच एसटीनं.

मंगेश हा गावातल्या कापडवाल्या शेटजींचा एकुलता एक. दुकानात बसायचं सोडून दिवसभर स्टँडवर उभा. कविता नावाची एक मुलगी शेजारच्या खेड्यातून सायकलनं स्टँडवर यायची, सायकल तिथं ठेवून हिंगणघाटच्या कॉलेजात जायची. बीएस्सीला होती. हा महिनाभर तिच्या मागे. वाट अडव, काहीबाही बोल, सायकलची हवा सोड. त्या दिवशी तर तिच्यामागोमाग गाडीत चढला आणि तिची ओढणी ओढून हात धरला.

कविता ओरडली नाही. हात सोडवून घेतला, कंडक्टरपाशी गेली आणि म्हणाली, "भाऊ, ही गाडी ठाण्यात घ्या."

कंडक्टरनं घंटी दिली आणि ड्रायव्हरनं खरंच घेतली! हिंगणघाटची गाडी, खच्चून भरलेली, वळण घेऊन थेट आमच्या आवारात. गुलाबराव पडवीत डुलक्या घेत होते. डोळे उघडले तर समोर एसटी. त्यांना वाटलं, बंदोबस्ताची गाडी आली. उठले, लाठी घेतली, वळकटी काखेत मारली आणि गाडीत चढून पहिल्या सीटवर बसले!

तक्रार लिहिताना कविताचा एकही शब्द चुकला नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. खरी पंचाईत साक्षीदारांची झाली. एरवी साक्षीदार शोधायला वणवण करावी लागते, इथं अख्खी गाडी साक्ष द्यायला रांगेत! वांग्याची टोपली घेतलेल्या एका आजीनं जबाब सुरू केला तो थेट सुनेपासून. "लिवा बाई. माही सून मले सकाऊन चा देत नाई." मी म्हटलं, "आजी, गाडीत काय पाहिलं ते सांगा." तर म्हणे, "तेच सांगून राह्यली. चा भेटला असता त म्या हे गाडी कायले धरली असती?"

सगळं आटोपलं आणि कंडक्टर पुढे आला. मला वाटलं, उशीर झाल्याची चिठ्ठी मागतोय. तो मंगेशकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, हा पोरगा स्टँडवर चढला. गाडी स्टँडपासून इथलोक आली. याचं तिकीट कोण काढन?"

जगताप साहेब हसले नाहीत. मंगेशला तिकीट काढायला लावलं आणि ते तिकीट केसच्या कागदाला टाचून ठेवलं. पुढे वकिलानं कोर्टात सांगून पाहिलं की आपला अशील त्या गाडीत नव्हताच. तिकीट होतं ना!

*

दुसऱ्याच दिवशी शेटजी आले. सोबत दोन मानकरी आणि पेढ्यांचा पुडा. कविताच्या वडिलांना, वसंतरावांना, आधीच बोलावून घेतलेलं. कविताही मागे उभी.

शेटजी म्हणाले, "साहेब, पोरापोरीची गोष्ट हाय. कोर्टकचेरी कायले? आमी दोघाईचं लगनच लावून टाकतो. आमी हुंडा बी नाई मांगत!"

मानकऱ्यांनी माना डोलावल्या. जसं काही मोठं दानच केलं! वसंतराव खाली बघत होते. बाप विचार करतोय, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात कविता बोलली. "लगन लावलं म्हंजे शिक्षा मले झाली. त्याले कोनती देता?"

शेटजींनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. गुलाबराव एवढे जागे मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "पोरगी मुद्द्याचं बोलली जी."

केस उभी राहिली. पण निघताना वसंतरावांनी मला बाजूला घेतलं. "बाई, केस चालू द्या. पन एक सांगतो. तो पोरगा एक डाव जरी स्टँडवर दिसला, त पोरीचं कालेज बंद. लोकाईच्या तोंडी माही लेक नाई पाह्यजे मले."

"अहो, गुन्हा त्यानं केला आणि कॉलेज हिचं बंद?" मला इतका राग आला की आवाज चढलाच. त्यांनी टोपी घातली आणि चालू लागले.

त्या दिवसापासून माझ्या नोकरीत एक काम वाढलं. मंगेश स्टँडवर दिसता कामा नये!

*

कोर्टात तिकीट निघालं तेव्हा कुठं मंगेशनं गुन्हा कबूल केला. पहिलीच वेळ, वय लहान, म्हणून तुरुंगाऐवजी वर्षभराचा चांगल्या वर्तणुकीचा बाँड. अटी तीन. दर रविवारी ठाण्यात हजेरी. गाव सोडून कुठं जायचं तर ठाण्याला आधी कळवणं. आणि एसटी स्टँडच्या दोनशे मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. अट मोडली की आत.

आता आमच्या गावात सगळं स्टँडच्याच आसपास. न्हावी तिथं, हॉटेल तिथं, मारुती तिथं. दोनशे मीटर म्हणजे नेमकं कुठवर? साहेब म्हणाले, "मोजा." मग शाळेच्या खेळाच्या सरांकडून पळण्याच्या शर्यतीची टेप आणली. मी एक टोक धरलं, गुलाबरावांनी दुसरं, आणि निम्मं गाव टेपेसोबत चालत आलं. जिथं दोनशे मीटर भरले तिथं गुलाबरावांनी रस्त्यावर चुन्याची आडवी रेघ ओढली.

ती रेघ गेली थेट शेटजींच्या दुकानातून! पुढची गादी रेघेच्या आत, मागचं गोदाम रेघेबाहेर. झालं, मंगेश गोदामात आणि शेटजी गादीवर. शेटजी पुढून ओरडायचे, "मंगेश, हिरवं लुगडं फेक!" आणि मागून हिरवं लुगडं उडत यायचं. ज्या बायांनी वर्षभर काही घेतलं नव्हतं त्याही बघायला येऊ लागल्या. शेटजींचा धंदा वाढला, हे मात्र कोर्टाच्या ध्यानीमनीही नसेल.

पावसानं रेघ धुतली जायची. मग रविवारी हजेरीवालेच नवीन ओढायचे. गावात कोणी कोणाला भेटायचं ठरवलं की "रेघेपाशी येजो" म्हणू लागले. आणि रेघेला लागून जो पानठेला होता त्यानं पाटी बदलून घेतली, 'लक्ष्मण पान सेंटर'.

मालकाचं नाव सुरेश होतं!

*

हजेरीवाल्यांत सगळ्यात ज्येष्ठ नामाजी. कोंबडीचोर. एवढा जुना की नव्या शिपायाला हजेरी कशी घ्यायची हे तोच शिकवायचा. बाकावर पहिली जागा त्याची.

मंगेशचा पहिला रविवार. इस्त्रीचा शर्ट, डोळ्याला गॉगल. येऊन बसला तो नामाजीच्या बाजूला. नामाजीनं विचारलं, "का केलं बे?" मंगेशनं काहीतरी पुटपुटत सांगितलं. त्यासरशी नामाजी उठून उभा राहिला.

"साहेब, मी इथं नाई बसत! मले याच्यापासून दूर बसवा."

साहेब म्हणाले, "का? तू काय मोठा संत लागून गेलास?"

"मी कोंबड्या चोरतो जी. नाई म्हनत नाई. पन मनाविरुद्ध कोन्या पोरीचा हात नाई धरला कदी! माह्या घरी दोन पोरी हायेत. उद्या लोक म्हनतीन, नामाजी कोनाच्या पंगतीले बसते."

बाकीचेही उठले. सायकलचोर उठला, मारामारीवाले दोघे उठले. अख्खा बाक रिकामा! शेवटी मंगेशला पाण्याच्या रांजणापाशी खाली बसवलं, आणि तिथं बसलाच आहेस तर येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी दे म्हटलं. शेटजींच्या लाडक्यानं घरी कधी पेला उचलला नसेल. इथं कोंबडीचोर ओरडायचा, "ए, पेला धुऊन दे!"

*

मध्येच बाबारावाचं सांगून घेते, नाहीतर राहून जाईल. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. तेव्हा दारूवाल्यांना तोटा नाही. बाबाराव त्यातला मोठा. पकडून पकडून सगळे दमले आणि शेवटी त्याला जिल्ह्यातून तडीपार केलं. कुठं गेला? वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. म्हणजे जिथं दारूची दुकानं उघडी! गुलाबराव म्हणाले, "साहेब, हे त मांजरीले दुधाच्या डेअरीत तडीपार केल्यासारखं झालं."

आम्हाला वाटलं, आता हा तिकडे बंगला बांधतो. मुदत संपली त्याच सकाळी बाबाराव ठाण्यात हजर. निम्मा झाला होता. साहेबांचे पाय धरले.

"काय झालं रे?"

"साहेब, पुन्हा नोका पाठवू तिकडं. तिकडं धंदाच नाई होत. तिकडं सगळेच इकतात!"

*

बाँडची दुसरी अट होती गाव सोडताना ठाण्याला कळवण्याची. वकिलानं मंगेशला इतकं घाबरवून ठेवलं की पोरगा पार बिथरला. आता तो सगळंच कळवू लागला.

"बाई, मी हिंगणघाटले मावशीकडं चाललो." ठीक. "बाई, मी वावरात चाललो." बरं. "बाई, मी नदीवर आंघोळीले चाललो." अरे बाबा, नदी गावातच आहे! पण नाही, नोंद करा म्हणून उभा. गुलाबराव चिडून म्हणाले, "याच्यापेक्षा स्टँडवर उभा राह्यत होता तवा बरा होता. तिथं आपल्याले काही सांगत त नवता!" मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी जीभ चावली.

एका सकाळी साहेब व्हरांड्यात दाढी करत होते. मंगेश लगबगीनं आला. हातात टमरेल.

"साहेब, नाल्याकडं चाललो. कळवून ठेवतो."

साहेबांच्या गालावर साबण तसाच. म्हणाले, "जा. आणि हे बघ, काम झालं की ते कळवायला येऊ नकोस!"

*

शेटजींना वाटलं, पोराचं लग्न लावलं की सगळं मिटेल. सिंदी रेल्वे या गावचं एक स्थळ आलं. कापसाचे व्यापारी, चांगलं घर. शेटजींनी त्यांना सांगितलंच नाही की पोराची शिक्षा चालू आहे. आणि पाहुणे आले ते नेमके रविवारी, तेही सांगितल्या वेळेच्या आधी. घरात मुलगा नाही. गडबडीत शेटाणी बोलून गेल्या, "तो रविवारी ठाण्यात सेवेले जाते."

पाहुणे खूश! समाजसेवा करणारा मुलगा आजकाल कुठं मिळतो? मुलीचे वडील, मामा आणि आजी, तिघंही सेवा बघायला ठाण्यात आली.

मंगेश रांजणाशी पेले विसळत होता. आजी म्हणाली, "पाय, कसा पानी पाजून राह्यला लेकरू!" मंगेश पांढराफटक. मुलीच्या वडिलांनी बाकावरच्या भारदस्त माणसाला विचारलं, "पोरगा कसा हाय जी?"

भारदस्त माणूस म्हणजे नामाजी! तो अदबीनं उठला. म्हणाला, "नियमाचा हाय. दर रविवारी येते. एक खाडा नाई. तसा खाडा करताच येत नाई म्हना, नाईतर जेल होते."

मामाचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी मला विचारलं. मी तोंडावर काही येऊ दिलं नाही. म्हटलं, "मुलीचा हात धरल्याची शिक्षा आहे. कोर्टानं दिली आहे, सगळ्यांसमोर. तुमच्या मुलीचा प्रश्न आहे, म्हणून लपवत नाही." मला जराही वाईट वाटलं नाही. कोणाच्या तरी लेकीला हे लग्नानंतर कळण्यापेक्षा पेले विसळताना कळलेलं बरं.

पाहुणे उठले. शेटजींकडे केलेले पोहे शेवटी ठाण्यात आले आणि बाकावर वाटले गेले. जाताना आजी मात्र नामाजीकडे वळून वळून पाहत होती. दारात थांबून मला हळूच विचारलं, "तो पहिला बसला हाय तो मानूस मोठा सभ्य वाटते. त्याले पोरगा हाय का?"

*

असं हसतखेळत वर्ष सरत आलं. कविता रोज कॉलेजला जात होती, रोज संध्याकाळी परत येत होती. कधी ठाण्यासमोरून सायकल नेताना मला हात करायची. परीक्षा जवळ आली होती. मला वाटलं, जिंकलो आपण!

आणि एसटीनं स्टँडचं काम काढलं. स्टँड खणला. गाड्या थांबायच्या कुठं? मोकळी जागा बघून तात्पुरता थांबा दिला. कुठं? रेघेबाहेर, शेटजींच्या घरासमोर!

एवढं वर्ष आम्ही मंगेशला स्टँडपासून दूर ठेवलं. आता स्टँडच चालत मंगेशकडे आला! सोमवारी सकाळी पोरगा बिचारा स्वतःच्या दारात दात घासत उभा, आणि समोर येऊन उभी राहिली हिंगणघाटची गाडी. तोंडात फेस, हातात ब्रश. गाडी बघून तो असा किंचाळला की लोकांना वाटलं विंचू चावला. ओरडत ठाण्यात आला, "बाई, मी नाई गेलतो! स्टँडच आला!"

गुलाबराव टेप शोधायला लागले. साहेब म्हणाले, "आता काय घर उचलून ठेवता?" पेच खरा होता. शेवटी कोर्टाकडून परवानगी काढली आणि उरलेल्या दिवसांसाठी मंगेशची रवानगी आष्टी तालुक्यात, तळेगावच्या मामाकडे. हजेरीही तिकडच्याच ठाण्यात. जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. बस नको म्हणून शेटजींनी त्याला कापसाच्या ट्रकमध्ये बसवून पाठवलं.

आम्ही हसून हसून बेजार. मीही हसले. पण त्या सोमवारी गाडीजवळ वसंतराव पण उभे होते, हे मला कोणी सांगितलं नाही. लेकीला पोचवायला आले होते. त्यांनी मंगेशला थांब्यावर पाहिलं. दात घासत होता की काय करत होता, त्यांना काय? दिसला! लेकीची सायकल त्यांनी तिथूनच घरी वळवली.

*

मला ते कळलं पुढच्या रविवारी.

हजेरी चालू होती. बाकावर नामाजी, सायकलचोर, मारामारीवाले. दारातून कविता आली. मला वाटलं, काही तक्रार घेऊन आली. ती सरळ बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

"काय गं? काय झालं?"

"काही नाई बाई. हजेरी द्याले आली."

"कोणाची?"

"माही." आवाज अगदी शांत. "मले स्टँडवर जायाची मनाई हाय. कालेजाच्या अंगानं फिरकाचं नाई. घरून निंघतानी सांगा लागते, कुठं चालली, कवा येशीन. याच अटी त्याच्यावर होत्या ना? मंग त्याची हजेरी घेत होत्या, माही काऊन नाई घेत?"

नामाजीनं हळूच विचारलं, "पोरी, बाँड किती सालचा हाय तुहा?"

"मालूम नाई काका. त्याचा एक सालचा होता. माह्याले मुदत सांगतली नाई."

आतून साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता पोरीवर ओरडणार. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, बाँडचा कोरा कागद घ्या. गुलाबराव, हिच्या वडिलांना बाजारातून बोलवा."

वसंतराव आले. हातात भाजीची पिशवी, वर मेथीची जुडी. लेकीला हजेरीच्या बाकावर बसलेलं पाहिलं आणि जागीच थबकले.

"या वसंतराव," साहेब म्हणाले. चेहऱ्यावर नेहमीसारखीच एक रेष नाही. "तुमच्या मुलीवर अटी आहेत असं कळलं. आमच्याकडे पद्धत अशी आहे, अटी आल्या की बाँड लागतो, आणि बाँड आला की हमी देणारा लागतो. बाई, वाचा."

साहेबांनी सांगितलं तसं मी लिहिलं होतं. मी वाचू लागले. "मी हमी देतो की माझी मुलगी कविता ही कॉलेजात जाणार नाही, एसटी थांब्यावर दिसणार नाही, आणि विचारल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही." मग मी थांबले. "साहेब, गुन्ह्याची जागा कोरी आहे. काय लिहू?"

"ते वडील सांगतील," साहेब म्हणाले.

वसंतरावांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. सायकलचोर, मारामारीवाले, नामाजी, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांनी पेन पुढे केलं. "काही का असेना, तुम्ही आधी सही करा. गुन्हा सावकाश आठवा."

वसंतरावांनी पेन घेतलं. कागद जवळ ओढला. वसंतराव म्हणजे दोन वेळा सरपंच झालेला माणूस, त्यांची सही गावातल्या अर्ध्या दाखल्यांवर. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन खाली ठेवलं.

"साहेब, मले सही येत नाई."

पिशवी उचलली आणि लेकीला म्हणाले, "चाल. सायकलीत हवा हाय का ते पाहून घेजो. उद्या सकाऊनच निंघा लागते."